जाळी बंद होत नाही तोपर्यंत

८ जानेवारी
स्टाफरूम, चौथा तास मोकळा

खोडरबर,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. मी सोमवारपासून अकरा फोन केले, तू एकही उचलला नाहीस. पत्राला उचलावं लागत नाही, ते दाराखालून आपलं आपण आत येतं. आणि तुला मी ओळखते. फाडशील, पण वाचून फाडशील.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. रडत होती, त्यामुळे निम्मं कळलं, निम्मं मी जुळवलं. कारखान्यात खोकी कापायच्या यंत्रात एका नव्या बाईचा हात सापडला. डाव्या हाताची दोन बोटं गेली. यंत्रावर तू लिहिलेली पाटी होती आणि त्या पाटीमुळेच हे झालं असं साहेबांचं म्हणणं आहे. बावीस तारखेला चौकशी समिती बसणार, तोवर तू घरी. दोष तुझ्यावर आला तर नोकरी जाणार, आणि पोलिसांकडे जायचं की नाही ते समिती ठरवणार. "ताई, हे जेवत नाहीत हो. भिंतीकडे तोंड करून बसतात. तुम्ही काहीतरी करा," म्हणाली. मी काय करणार? मी व्याकरणाची बाई, वकील नाही.

मला एकच गोष्ट कळव. पाटीवर नेमकं काय लिहिलं होतं? इंग्रजीत लिहिलं होतंस ना? शब्द न् शब्द कळव. बायकोला विचारलं तर म्हणाली, "मला नाही येत ते सांगता."

इकडे ठीक आहे. आठवीला या आठवड्यात उभयान्वयी अव्ययं चालू आहेत, म्हणजे दोन वाक्यं जोडणारे शब्द. अँड, बट, ऑर चुटकीसरशी झाले. उद्यापासून अनलेस आणि अनटिल. तिथे पोरं गटांगळ्या खातात, दरवर्षी.

त्या जुन्या प्रकरणाबद्दल मी काही लिहिणार नाही. तू सुपरवायझर झालास, कँटीनमध्ये सगळ्यांसमोर इंग्रजीत भाषण वाचलंस, मी मध्येच एक चूक सांगितली, लोक हसले. झालं ते एवढंच. एवढ्यावरून सख्ख्या बहिणीशी तीन वर्षं बोलणं टाकायचं? पण तो विषय आत्ता नाही.

पाटीचं कळव.

ताई


१२ जानेवारी
स्टाफरूम

खोडरबर,

तू कळवलं नाहीसच. तुझ्या बायकोने कोणाकडून तरी कागदावर उतरवून घेऊन पाठवलं. वर मराठीत, "जाळी बंद होत नाही तोपर्यंत यंत्र चालू करू नये." ते अगदी बरोबर आहे. खाली इंग्रजीत, "डू नॉट स्टार्ट द मशीन अनटिल द गार्ड इज नॉट क्लोज्ड."

अरे देवा. अरे, काय लिहून बसलास हे!

अनटिलच्या पुढे 'नॉट' येत नाही. नकार अनटिलच्या पोटातच असतो. तू वरून आणखी एक घातलास आणि वाक्य उलटं झालं. तुझ्या पाटीचा अर्थ असा होतो की जाळी उघडी असल्याशिवाय यंत्र चालू करू नये. आपली भाषा येणाऱ्याला हे वाक्य डोळ्यांना खटकतसुद्धा नाही, कारण आपण मनातल्या मनात 'जोपर्यंत नाही तोपर्यंत' म्हणतो आणि अर्थ बरोबर लावून मोकळे होतो. पण त्या बाईला आपली भाषा येत नाही म्हणे. तिने जे लिहिलंय ते वाचलं. पात्यावरची जाळी वर केली आणि बटण दाबलं.

इतकी ढोबळ चूक! पाटी लावण्याआधी कोणाला तरी दाखवायची. मला नाही तर नाही, पण कोणाला तरी.

काल वर्गात फळ्यावर मराठी वाक्य लिहिलं, "पाऊस थांबत नाही तोपर्यंत इथेच थांब." म्हटलं, इंग्रजी करा. मुलींची तुकडी, एकेचाळीस जणी. तेहतीस जणींनी 'नॉट' घातला. तेहतीस! मी खडू टेबलावर आपटला. पहिल्या बाकावरची चष्मेवाली, जिला प्रश्न विचारल्याशिवाय डबा गोड लागत नाही, ती उभी राहिली. "बाई, मराठीत 'नाही' आहे ना, मग त्याचं इंग्रजी कुठे गेलं?"

मी समजावून सांगितलं. छान समजावलं, उदाहरणं दिली, मुली हसल्या. मग ती म्हणाली, "बाई, तुम्हाला कधी कळलं हे?"

मी म्हटलं, खाली बस.

घंटा झाली आहे. पुढचं नंतर. जेव रे. निदान भाकरतुकडा तरी पोटात ढकल.

ताई


१६ जानेवारी
घरी, सकाळी

खोडरबर,

बारा तारखेच्या पत्रात घंटा झाली असं लिहिलं होतं. घंटा झाली नव्हती. अजून वीस मिनिटं होती.

चार दिवस मी स्वतःशीच सारवासारव करतेय. आज ते थांबवते. कपाटाच्या वर माझ्या जुन्या टाचणवह्या आहेत. रोज वर्गात काय शिकवायचं ते आदल्या दिवशी लिहून मुख्याध्यापकांची सही घ्यायची, त्या वह्या. मी एकही टाकलेली नाही, तुला माहीत आहे, तू त्यावरून मला किती चिडवायचास. काल स्टुलावर चढून दुसऱ्या वर्षाची काढली. म्हणजे मी चोवीस वर्षांची होते आणि तू माझ्याच वर्गात, नववीत, शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचास, ते वर्ष. वर्गात मला 'बाई' म्हणायचं ठरलं होतं, तू दर वेळी 'ता' म्हणून थांबायचास. लिहिलेलं खोडून खोडून वहीला भोकं पाडायचास म्हणून पोरांनी तुझं नाव खोडरबर ठेवलं. खरं म्हणजे ते मीच ठेवलं होतं, पोरांनी उचललं.

त्या वहीत माझ्या अक्षरात आहे: 'अनटिल = जोपर्यंत नाही. वाक्य : वेट अनटिल द बस डझ नॉट कम.' खाली दोन रेघा मारल्या आहेत, महत्त्वाचं म्हणून. बाजूला मुख्याध्यापकांची सही.

मी शिकवलं तुला हे. तू ढ नव्हतास, तू लक्ष देऊन ऐकलंस, हाच तुझा गुन्हा.

आता याहून वाईट ते सांगते. मला हे सातव्या वर्षी कळलं. शिक्षकांच्या शिबिरात एका तज्ज्ञ बाईंनी माझं वाक्य सगळ्यांना वाचून दाखवलं आणि विचारलं, "बस येतेय की जातेय?" साठ शिक्षक हसले. मी कानाला खडा लावला, दुसऱ्या दिवसापासून बरोबर शिकवायला लागले, आणि आधीच्या सहा वर्षांबद्दल मूग गिळून बसले. पोरं शाळेतून गेली होती, कुठे शोधायची, असं स्वतःला सांगितलं. पण तू कुठे गेला होतास? तू माझ्यासमोर ताटावर बसायचास. तू बोलणं टाकेपर्यंतची वीसेक वर्षं, कुठल्याही जेवणात, "अरे, ते अनटिलचं मी चुकीचं सांगितलं होतं" एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मला लाज वाटत होती. तुझ्यासमोर मी सर्वज्ञ होते, ते मला सोडवत नव्हतं.

आणि कँटीनमध्ये मी तोंड उघडलं ते कुठल्या वाक्यावर, तेही मी पहिल्या पत्रात गाळलं. तू वाचत होतास की मी लहान शाळेतला असलो तरी माझ्या बहिणीने मला घडवलं. तू 'ऑलदो' म्हणालास, मग 'बट' म्हणालास. मी खुर्चीतून ओरडले, "ऑलदोनंतर बट नाही रे!" सगळे हसले. तू कागदाची घडी घातलीस आणि बसलास. ते वाक्य माझ्याबद्दल होतं. माझे आभार मानत होतास तू, आणि मी तिथे शहाणपण पाजळलं.

रागाव. तुला हक्क आहे. पण ही वही मी बावीस तारखेला समितीपुढे ठेवणार आहे.

ताई


१९ जानेवारी
दुपारी, दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर

खोडरबर,

तुझ्या बायकोच्या हाती पाठवलेली चिठ्ठी मिळाली. "ताई, तू येऊ नकोस. तुझी दोन वर्षं राहिली आहेत निवृत्तीला." बस्स, एवढंच. तीन वर्षांनी दोन ओळी मिळाल्या आणि त्याही मलाच सांभाळणाऱ्या. मी चिठ्ठी चष्म्याच्या डबीत ठेवली आहे. येणार मात्र आहे.

आज त्या बाईला भेटले. कोणाला न विचारता गेले. दारापर्यंत पाय ओढत गेले. पस्तिशीची असेल. हात उशीवर ठेवलेला, बँडेज कोपरापर्यंत. मी सांगितलं, मी शाळेत इंग्रजी शिकवते, तुम्हाला भेटायला आले. बहीण आहे ते नाही सांगितलं. आम्ही इंग्रजीत बोललो, इथे मराठीत लिहिते.

ती म्हणाली, "दुसराच दिवस होता माझा. पहिल्या दिवशी ज्याने काम दाखवलं तो खुणांनी सांगत होता. मला खुणा नीट कळल्या नाहीत, म्हणून मी लिहिलेलं सगळं वाचायचं ठरवलं. ती पाटी तीनदा वाचली."

"विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण यंत्र त्यांचं. त्यांना माहीत असणार."

माझ्या आयुष्यात माझं व्याकरण इतकं मन लावून कोणी वाचलं नव्हतं. मी तिला सांगितलं की लिहिणाऱ्याला जाळी बंद हवी होती.

"मग 'नॉट' कशाला घातला?"

"आमच्या भाषेत असतो तो."

"तुमच्या भाषेत," ती म्हणाली, आणि बँडेजकडे बघितलं. मला वाटलं, ओरडेल, शिव्या देईल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी उठले, नमस्कार केला, जिना उतरले. खालच्या पायरीवरून परत वर गेले. म्हटलं, लिहिणारा माझा धाकटा भाऊ आहे आणि त्याला हे मी शिकवलंय. इतकी वर्षं इंग्रजी शिकवते, पण त्या क्षणी मला धड वाक्य जुळवता आलं नाही. तुकडे तुकडे सांगितले. तिला कळले.

ती म्हणाली, "तो आला नाही."

"त्याला तुमच्यासमोर उभं राहायची भीती वाटते."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "या हाताची. तरी रोज पट्टी बदलताना बघतेच ना."

आणखी एक सांगते. तिच्या शेजारी यंत्रावर काम करणारी मैत्रीण बसली होती. ती म्हणाली की जाळी उघडली की यंत्र आपोआप बंद पाडणारा खटका तीन आठवडे बिघडलेला होता, तू तीनदा लेखी तक्रार केलीस, कोणी ढुंकून बघितलं नाही, म्हणून तू पाटी लावलीस. हे खरं आहे? मग चिठ्ठीत हे का नाही लिहिलंस? समितीला सांगणार आहेस की नाही? तुझा काही भरवसा नाही, तू लहानपणी दुसऱ्याने फोडलेल्या काचेसाठी छड्या खाल्ल्या आहेस. माझ्या जिवाला घोर लागून राहिला आहे.

ताई


२३ जानेवारी
घरी

खोडरबर,

काल तूही तिथेच होतास, पण तू तीन तास टेबलाच्या लाकडाकडे बघत होतास. त्यामुळे माझ्या बाजूने काय दिसलं ते लिहिते.

मी शेवटच्या रांगेत, वही मांडीवर. साहेबांनी तुझं वाक्य मोठ्याने वाचलं आणि अर्थ सांगितला. दोघं तिघं हसले. समितीच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "हे असं इंग्रजी तुम्ही कुठे शिकलात?" तू म्हणालास, "शाळेत. पण माझं लक्ष नसायचं. शिकवणाऱ्यांचा काही दोष नाही."

तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. सरळ चेहऱ्याने खोटं बोललास, तेही अशा ठिकाणी, जिथे त्या खोट्यापायी तुझी भाकरी जाणार होती. मला कँटीन आठवलं आणि मी उभी राहिले. आवाज वर्गातला निघाला.

"हा खोटं बोलतोय."

"तुम्ही कोण?"

मी बहीण म्हणणार होते. म्हटलं, "याची शिक्षिका."

वही पुढे गेली. अध्यक्षीणबाईंनी चष्मा लावून वाचली, शेजारच्याला दाखवली. सगळ्यांत खूश साहेब झाले. "म्हणजे चूक भाषेचीच होती! आमच्या यंत्राचा काही संबंध नाही." तेव्हा माझ्या नाकावरचा राग पहिल्यांदा कामी आला. मी म्हटलं, "भाषेची चूक माझी, ती मी लिहून देते. बिघडलेला खटका कोणाचा, ते तुम्ही लिहून द्या."

मग कुठे अध्यक्षीणबाईंनी तुझे तीन अर्ज मागवले. एक सापडला, दुसरा सापडला, तिसरा साहेबांच्याच टेबलाच्या खणात निघाला. त्या अर्जांचं इंग्रजी कसं होतं ते मी वाचलं नाही. तारखा बरोबर होत्या.

बाहेर तू माझ्याजवळून निघून गेलास. थांबला नाहीस. मी हाकही मारली नाही, कारण तुझे खांदे हलत होते आणि तुला कोणी रडताना पाहिलेलं चालत नाही. निकाल दहा दिवसांनी. तोवर मला झोप नाही. तुलाही नसणार.

ताई


५ फेब्रुवारी
शाळा, ग्रंथालय

खोडरबर,

निकाल तुझ्या बायकोने कळवला. दोष देखभाल खात्याचा, पोलिसांचा संबंध नाही, तुला लेखी ताकीद, आणि कालपासून कामावर. ती फोनवर हसत होती आणि रडत होती. माझा जीव भांड्यात पडला, निम्मा तरी. त्या बाईची दोन बोटं काही परत येत नाहीत, म्हणून निम्मा.

इकडे बातमी पोचली. मुख्याध्यापिका माझ्याहून लहान, बिचाऱ्या खाली बघत बोलल्या. "मॅडम, पालक विचारतायत. बैठक होईपर्यंत तुम्ही इंग्रजीचे तास घेऊ नका." मी ग्रंथालयात बसते, पुस्तकांना कव्हरं घालते. बैठकीत काय होईल माहीत नाही, आणि मला भीती वाटते, हे तुला सांगायला आता लाज वाटत नाही. फावल्या वेळात पहिल्या सहा वर्षांच्या हजेरीपटांवरून पत्ते शोधतेय. दोनशे बारा मुलं. आतापर्यंत एकोणीस पत्रं गेली. एकाचं उत्तर आलं, तो आता वैमानिक आहे. म्हणाला, बाई, मला हे तिसऱ्या नोकरीत कळलं, तुम्ही काळजी करू नका. वैमानिक!

आणि तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघून मी ते आधी टेबलावर ठेवलं आणि पाणी प्यायले. "ताई, खटका दुरुस्त झाला, तरी पाटी लावायची असं ठरलंय. हात सापडलेली ती बाई म्हणाली, ज्याने पहिली लिहिली त्यानेच दुसरी लिहावी. माझा हात उचलत नाही. तू सांग, मी लिहितो."

दोन दिवस मी तेच करतेय. अनटिल घालून लिहिलं, बरोबर लिहिलं, आणि तुझ्या बाजूने वाचलं तर मनात 'नाही' उगवतोच. अनलेस घालून लिहिलं, तीच गत. बिफोर घालून पाहिलं, मग वाटलं, ज्याला एवढंही इंग्रजी येत नसेल त्याने काय करायचं? सात कागद फाडले. आठवा ठेवला. त्यात जोडणारा शब्द एकही नाही.

एक. क्लोज द गार्ड.
दोन. स्टार्ट द मशीन.

वर मराठीतही तसंच लिही. जाळी बंद करा. यंत्र चालू करा. आकडे ठळक काढ.

पण माझ्यावर विसंबून ती लगेच ठोकू नकोस. आधी ती पाटी घेऊन त्या बाईकडे जा. तिच्या हातात दे, वाच म्हण, आणि तिला काय कळलं ते तिच्याच तोंडून ऐक. तुझं इंग्रजी कसं का असेना, जा. मला बरोबर नेऊ नकोस.

रविवारी मी घरी आहे. ये.

ताई